इतकं, की

ग्रिम्सबीच्या गोदीमागे, मेथडिस्ट चर्चच्या तळघरात
मंगळवारी सात वाजता माझा वर्ग भरतो.
हीटर आहे. चालतो, म्हणजे आवाज करतो.
समोर चार जण, आणि चौघांच्या अंगाला हॅडकचा वास,
साबणाला दाद न देणारा.
मला तो ओळखीचा. एकोणीस वर्षं मीही
त्याच पट्ट्याशी उभी होते, सुरी घेऊन.

फळ्यावर लिहिलं: सो. मग मोकळी जागा. मग दॅट.
म्हटलं, हे दोन खांब समजा.
मधल्या दोरीवर वाळत घाला काय आणि किती,
आणि दॅटच्या पलीकडे
त्यापायी जे घडलं ते.

दाइवाने लिहिलं: पाणी इतकं थंड, की बोटं माझी राहत नाहीत.
मी 'माझी'खाली रेघ मारायला गेले
आणि खडू परत ठेवला.

बेरिक्तीने लिहिलं: माझी खोली इतकी लहान,
की स्वप्न पडलं तर दार उघडावं लागतं.
सगळे हसले. तीही, जरा उशिरा.

रेबवार मात्र 'सो'पाशीच थांबतो.
आय अ‍ॅम सो टायर्ड. पूर्णविराम.
अरे, की काय? दॅट कुठे गेला?
तो म्हणतो, बाई, तुमची माणसं एवढंच म्हणतात.
बसमध्ये, दुकानात, फोनवर. सो टायर्ड. सो सॉरी.
पुढचं कुणी विचारत नाही.

खरं आहे. लेन गेला त्या हिवाळ्यात
मीही गल्लीभर नुसता 'सो' घेऊन फिरत होते.

पुढच्या मंगळवारी 'टू'.
हा जपून वापरा, मी सांगितलं,
याच्या पोटात एक 'नाही' असतं, वरून दिसत नाही.
टू हेवी टू लिफ्ट. शोधा बरं, नकार कुठे लिहिलाय?
कुठेच नाही. आणि पेटी जमिनीवरच.
व्हिटेनिसने वहीत पेटी काढली. तिला पोट काढलं.

मग हातमोज्यांचं पत्र.
व्हिटेनिसला 'वेरी' हवा होता, तीनदा.
मी म्हटलं, वेरी नुसता ओरडतो,
आणि तुमच्या सुपरवायझरला ओरडणं रोज ऐकू येतं.
तासभर खोडाखोड करून एकच वाक्य उरलं:
मोजे इतके पातळ आहेत, की दहा वाजल्यानंतर
हातात सुरी आहे की नाही, हे बघून ठरवावं लागतं.
खाली चार सह्या. दाइवाची सही
शाळकरी मुलीसारखी, गोल.

नऊ दिवसांनी उत्तर आलं. टाइप केलेलं, अदबशीर.
हंगामाच्या तोंडावर व्यवस्थापन
टू बिझी टू अमुक, टू तमुक.
बेरिक्तीने ओळीओळीवरून बोट फिरवलं,
'नॉट' कुठे सापडेना.
पोटात आहे, व्हिटेनिस म्हणाला.
त्या दिवशी व्याकरण शिकवल्याचा
मला पहिल्यांदा राग आला.

मार्चमध्ये एक खोकं आलं. पिवळे मोजे.
पत्रामुळे आले असं कुणी म्हणालं नाही,
आम्हीही विचारलं नाही.
दाइवाने एक वर्गात आणला, माझ्या टेबलावर ठेवला.
कसा आहे?
ती थांबली. थिक, म्हणाली. आणि मग, अगदी जागेवर,
शब्दाच्या मागे: इनफ.
हात आत घातला तर निम्मी बोटं रिकामी.
टू बिग, म्हणाली. पुढचं वाक्य तिने केलं नाही.

रेबवार त्या दिवशी अर्धा तास उशिरा आला,
पायाला वाळू, केस विस्कटलेले.
सगळ्यांदेखत, कोट न काढताच बोलला:
आज मी इतका दमलो होतो,
की बसमध्ये झोप लागली,
की क्लीथॉर्प्स आलं, ड्रायव्हरने उठवलं,
की समोर समुद्र होता,
की मी बूट काढले.

तीन 'की' जास्त आहेत, मी म्हटलं.
बस. ओला कोट हीटरवर टाक.